टिचकी मारून सांग

चि. चिऊस,


सासऱ्यांच्या हत्यारांचे फोटो पोचले. त्यांनी भिंतीवर प्रत्येक करवतीभोवती पेन्सिलीने तिचा आकार काढून ठेवलाय, ते बघून माणूस कसा असेल याचा अंदाज आला. अशा माणसाची हत्यारं कोरडी आणि तेल लावलेली असतात, त्यामुळे ती ईबेवर विकण्याचं तुझं निम्मं काम त्यांनीच करून ठेवलंय. उरलेल्या निम्म्याबद्दल तू विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो. फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतेस आणि लिहून काहीच घेत नाहीस.

आधी सासूबाईंची समजूत घाल. त्यांनी ईबेवर स्टॅन्लेचा एक रंधा 1200 डॉलरला पाहिला आणि आपल्याकडे तसले सहा आहेत असा हिशेब मांडला. त्यांनी पाहिली ती मागितलेली किंमत असणार. मागायला कोणाचं काय जातं? शोध घेताना 'सोल्ड' ही खूण लाव, म्हणजे गेल्या 90 दिवसांत खरोखर विकलेल्या वस्तू आणि त्यांना मिळालेले पैसे दिसतात. तेवढेच खरे. शिवाय 1200 वाला बहुतेक नंबर 1 असेल. स्टॅन्लेच्या रंध्यांची ओळख नंबराने होते. नंबर 1 जेमतेम साडेपाच इंचांचा, हातात नीट मावतही नाही. सुतारांनी तो फारसा घेतला नाही, म्हणून थोडेच उरले आणि संग्राहक त्याला हजाराच्या आसपास देतात. त्याच्या नकलाही निघतात. सासऱ्यांकडचा नंबर 4 मात्र सुताराच्या हातात रोज असणारा, अफाट संख्येने बनलेला, आणि म्हणूनच 20 ते 50 डॉलरचा. सगळ्यात उपयोगी हत्यार सगळ्यात स्वस्त, हे सासूबाईंना पटायला वेळ लागेल. त्यांच्या नवऱ्याने आयुष्यभर वापरलेला तोच आहे.

पण फोटोत डावीकडून तिसरा आहे त्याच्यावर 604 दिसतंय का, की नुसता 4? नीट बघ. 604 असेल तर तो 'बेडरॉक' जातीचा. त्यात पातं ज्या बैठकीवर टेकतं ती बैठक खालच्या ओतीव सांगाड्याला पूर्ण पृष्ठभागाने चिकटून बसते, त्यामुळे कठीण लाकडावरही पातं थरथरत नाही. मेन राज्यातली ली-नील्सन कंपनी आज त्याच धर्तीचे नवे रंधे करते आणि तिचा एक साधा नंबर 4 तीनशे डॉलरच्या वर जातो. त्यामुळे जुन्या बेडरॉकवर संग्राहकही टपलेले असतात आणि काम करणारेही. असा रंधा चुकून "जुना 4 नंबर" म्हणून लावलास तर घेणारा तुला कधीच कळवणार नाही.

वय काढणं अवघड नाही. पातं आणि त्याची बैठक यांच्यामागे सांगाड्यावर ओतलेल्या पेटंटच्या तारखा शोध. तीन तारखा असतील आणि शेवटची 19 एप्रिल 1910 असेल तर रंधा त्यानंतरच्या काही वर्षांतला. पात्यावर बदामाचा शिक्का असेल तर 1920 नंतरचा. त्या वर्षी स्टॅन्ले रूल अँड लेव्हल ही कंपनी स्टॅन्ले वर्क्समध्ये मिळाली, आणि तिथले माजी अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या नावावरून तो बदाम आला. हे सगळं न्यू ब्रिटनमधलं, माझ्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावरचं. त्याला लोक अजून 'हार्डवेअर सिटी' म्हणतात. ज्याच्या कल्पनेवर हे रंधे उभे आहेत त्या लिओनार्ड बेलीचा धंदा स्टॅन्लेने 1869 मध्ये विकत घेतला, आणि आजही बहुतेक लोखंडी रंध्यांत पातं वरखाली करायचं पितळी चाक दिसतं ते त्याच घराण्यातलं.

आता मुद्द्याचं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी पटाशी घेणारा काय करतो आठव. उचलतो, अंगठा फिरवतो, एका डोळ्याने कड सरळ आहे का बघतो, मूठ हलते का ते हलवून पाहतो, आणि मग अर्ध्या किमतीला मागतो. ईबेवरच्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. तो ऑरेगनमध्ये नाहीतर टेनेसीत बसलाय. त्याने जे हाताने केलं असतं ते त्याच्या वतीने तू करायचंस आणि काय आढळलं ते लिहायचंस. ईबेवर विकण्याचं कसब म्हणजे एवढंच, असं माझं मत आहे. बाकीच्या युक्त्या लोक उगाच सांगतात.

म्हणजे काय करायचं? रंधा पूर्ण सुटा कर. नुसता ओतीव सांगाडा दोरीला टांग आणि लाकडी मुठीने हलकेच ठोक. माठ घेताना आजी टिचकी मारायची ना, तसं. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. बिडाचं लोखंड ठिसूळ असतं, रंधा एकदा काँक्रीटवर पडला की केसाएवढी चीर जाते आणि तेलामातीत दिसत नाही. मग तळाला पातं बाहेर येतं त्या फटीचे चारही कोपरे भिंगाने बघ, चिरा तिथूनच निघतात. मागच्या मुठीचं वरचं शिंग मोडून पुन्हा चिकटवलंय का? पात्याच्या खाचेखाली धारेपर्यंत किती पोलाद उरलंय ते मोजून इंचात लिही, कारण घासून घासून संपलेलं पातं वरून नव्यासारखंच दिसतं. काळा जपानी रोगण किती टक्के शिल्लक आहे तेही अंदाजाने लिहितात. आणि सांगाडा एका काळातला, पातं दुसऱ्या काळातलं असेल तर तसं सांग. सासऱ्यांनी कधीतरी पातं बदललंच असणार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र ते तू सांगितलं नाहीस आणि घेणाऱ्याला घरी गेल्यावर दिसलं, तर वस्तू परत येणार, दोन्ही बाजूंचा टपालखर्च तुझ्या अंगावर आणि वर वाईट शेरा. 2008 पासून विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा देता येत नाही, घेणारा मात्र देऊ शकतो. मला तो नियम एकतर्फी वाटतो, पण आहे हा असा आहे.

फोटो दिवसाच्या उजेडात काढ, खिडकीपाशी, एका वेळी एकच वस्तू, आणि दोष असेल तिथे जवळून. तू पाठवलेल्या फोटोत सगळं एकत्र मांडलंय, त्यातून कोणालाही काही कळणार नाही.

आणि एक करू नकोस. साफसफाई. तुझा हात लगेच तारेच्या ब्रशकडे जाणार, मला माहीत आहे, तू लहानपणी समईसुद्धा खरवडून चकचकीत करायचीस. फडक्याला थोडं तेल लावून धूळ आणि सुटा गंज पूस, बस. विशेषतः करवतींना हात लावू नकोस. फोटोतल्या दोन डिस्टनच्या दिसतात, फिलाडेल्फियाच्या. त्यांच्या पात्यावर आम्लाने कोरलेली नक्षी असते, कधी अगदी पुसट, आणि एकदा पॉलिशपेपर फिरवलास की ती कायमची जाते. नक्षी दिसणारी करवत आणि न दिसणारी यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. मुठीतलं पितळी बिल्ल्यासारखं मेडल मात्र हलकेच पूस आणि त्याचा फोटो लाव, करवतीचं वय त्यावरून ठरतं. नुसतं 'वॉरंटेड सुपीरियर' लिहिलेलं असेल तर फार आशा धरू नकोस, तसं मेडल बऱ्याच कंपन्या आपल्या हलक्या मालावर लावत.

लिलाव कसा चालतो ते सासूबाईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या आठवडाभर झोपणार नाहीत. सात दिवसांचा लिलाव लावलास तर पहिले सहा दिवस बोली 9 डॉलरवर अडकलेली दिसेल. घाबरून लिलाव मागे घेऊ नकोस. घेणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे भरून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतंच पुढे सरकतं. म्हणजे जिंकणारा स्वतःच्या कमाल रकमेऐवजी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाहून एक पायरी वर एवढंच देतो. यातून दोन गोष्टी होतात. एकच माणूस वेडा असून भागत नाही, दोन लागतात. आणि जाणते लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प बसतात, आपल्याला काय हवंय ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये यावर निबंध लिहिला होता. त्या काळी अ‍ॅमेझॉनवरही लिलाव होत, पण तिथे शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत दहा मिनिटं वाढायची. ईबेवर घड्याळ ठरल्या वेळी बंद. साहजिकच शेवटच्या क्षणी उडी मारणारे ईबेवर जास्त आढळले. रॉथला पुढे 2012 मध्ये नोबेल मिळालं, अर्थात दुसऱ्या कामासाठी. तू एवढंच कर, की लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा लाव, पश्चिम किनाऱ्यावरची माणसंही तेव्हा जागी आणि मोकळी असतात.

ज्याला दोन वेडे मिळण्याची खात्री नाही ते लिलावात टाकूच नकोस, ठरलेली किंमत लाव आणि वाट बघ. नंबर 4, साधे गुण्ये, गिरमिटं यांना हेच बरं. दुर्मिळ असेल ते लिलावात. स्टॅरेटचे गुण्ये आणि कॅलिपर दिसतायत ते मात्र कसेही लाव, अ‍ॅथॉलच्या त्या कारखान्याचा माल ओळखणारे सगळीकडे आहेत. मी चिंचवडला टूलरूममध्ये होतो तेव्हा स्टॅरेटची पट्टी कपाटात कुलुपात असायची. ते बीचचे लाकडी रंधे, 'ओहायो टूल कंपनी, कोलंबस' असा छाप असलेले, ते तुमच्याच गावचे आणि सगळ्यांकडे असतात. ते टपालाने पाठवण्यात अर्थ नाही. ईबे टपालखर्च धरून एकूण रकमेच्या साधारण 13 टक्के कापून घेतं, 15 डॉलरच्या वस्तूत तुझ्या हातात काय उरणार? मिड-वेस्ट टूल कलेक्टर्स असोसिएशनचे मेळावे तुमच्या भागात होतात, तिथे टेबलावर मांड. नाहीतर शेजारच्या पोराला दे.

परदेशातला कोणी मागायला आला तर जुन्या मुठी बघ. काळपट-लाल, जड, तेलकट चमक असेल तर ते ब्राझिलियन रोझवुड असू शकतं. 1992 पासून ते दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय विकून सीमेपार पाठवता येत नाही. सरळ 'फक्त अमेरिकेत' अशी खूण कर. आणि ती पांढरी घडीची फूटपट्टी हस्तिदंताची असली तर ती ईबेवर मुळीच लावू नकोस, त्यांनी 2009 पासून हस्तिदंत बंद केलंय. ती नवऱ्याने घरातच ठेवावी.

पॅकिंग. लोखंड जड, पण टपाल खात्याचे फ्लॅट रेटचे खोके वजन विचारत नाहीत, 70 पौंडांपर्यंत एकच दर. त्यामुळे रंध्यांसाठी ते वरदान आहेत. पण म्हणून खोक्यात रंधा सैल टाकू नकोस. पातं आणि वरची दाबपट्टी काढून वेगळी गुंडाळ, मुठीभोवती जाड कागद, आणि खोकं हलवल्यावर आतून काहीच वाजता कामा नये. मूठ मोडते ती नेहमी प्रवासात. करवतीच्या दातांवर पुठ्ठ्याची पन्हळ बसव, पोस्टमन आपला शत्रू नाही.

तुझा शेवटचा प्रश्न राहिला: कॉफीच्या डब्यांतले सुटे स्क्रू, चाकं आणि मोडके तुकडे फेकायचे का? मुळीच नको. स्टॅन्लेच्या मुठीच्या स्क्रूचे आटे 12-20 या मापाचे असतात, म्हणजे इंचाला 20. तसा स्क्रू इथल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. ज्याच्याकडे रंधा आहे आणि तो एक स्क्रू नाही, तो एका स्क्रूसाठी जेवणाचे पैसे देतो. पितळी चाकं, दाबपट्ट्या, अख्ख्या मुठी, सगळं जात लावून वेगवेगळं लाव. यावरून एक अख्खा रंधा सुटा करून भाग विकले तर जास्त मिळतात हे तुझ्या लक्षात येईलच, हिशेबात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. पुष्कळजण तसं करतात. सांगाडा तडकलेला असेल तर अवश्य कर. पण ज्याचा सांगाडा खणखणीत वाजला तो मोडू नकोस. सासूबाईंना दहा-पंधरा डॉलर कमी मिळतील, मिळू देत.

604 चं तेवढं आज रात्रीच बघून फोटो टाक. जावयांना आणि सासूबाईंना नमस्कार सांग. मामी विचारतेय, दिवाळीला येणार की नाही.

तुझा,
मामा