पोतं हलकं करता येतं, माणूस नाही

पाठीला आधार देणाऱ्या, अंगावर चढवायच्या सांगाड्यांना माझा अनेक वर्षं विरोध होता. ओझं कमी करायचं सोडून ओझं वाहणाऱ्यालाच पट्ट्यांनी बांधायचं, ही मालकांची पळवाट आहे असं मी ठामपणे म्हणत असे. आज मी तसं म्हणत नाही.

ते मत माथाडी चळवळीच्या सहवासात घडलं होतं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणा, ही मागणी हमालांनी पुढे चिकाटीने लावून धरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर १९६७ सालीच पुरुष कामगारासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. पाठ वाचवायची तर पोतं लहान करा, हा त्यातला धडा. मध्यंतरी कमरेच्या पट्ट्यांचं पेव फुटलं, तेव्हा निरोगी कामगाराची इजा त्यांनी टळते याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९९४ मध्ये सांगितलं. स्प्रिंगचे सांगाडे आले तेव्हा मला ती त्या पट्ट्यांचीच महागडी आवृत्ती वाटली.

आईला पक्षाघात झाला आणि घरी आया आली, तिथून माझा विचार हलू लागला. आई अंगाने भारी. आया तिचे हात आपल्या गळ्यात घ्यायची, एक गुडघा पलंगाच्या कडेला रोवायची, “आजी, तीन म्हटलं की उठायचं हं,” म्हणायची आणि तिला खुर्चीत घ्यायची. मग भिंतीला टेकून मुठीने स्वतःची कंबर दाबत राहायची. एकदा म्हणाली, “ताई, पोत्याला हूक तरी लावता येतो. माणसाला कुठे धरायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणताही कायदा माझ्या आईला पन्नास किलोंवर आणू शकत नव्हता.

वाकून उचलताना कंबरेत काय होतं, ते तेव्हा नीट समजून घेतलं. कण्यामागच्या स्नायूंची पकड मणक्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरवर असते आणि उचललेलं वजन त्याच्या कितीतरी पट पुढे. तोल सांभाळायला स्नायूंना वजनाच्या अनेक पट जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. सांगाडा यातला काही जोर छातीकडून थेट मांड्यांवर नेतो. वाकताना स्प्रिंग ताणली जाते, उठताना ती परत ढकलते. टोकियो विज्ञान विद्यापीठातल्या हिरोशी कोबायाशींच्या ‘मसल सूट’मध्ये तर बॅटरीही लागत नाही. हातपंपाने हवा भरली की त्यातल्या रबरी नळ्या फुगून आखूड होतात आणि धड वर ओढतात. अशा बिनबॅटरीच्या साधनांच्या चाचण्यांत पाठीच्या स्नायूंचं काम साधारण १० ते ४० टक्क्यांनी घटलेलं दिसलं आहे. एका प्रदर्शनात मी असा सांगाडा घालून वाकले. छातीला कुणीतरी खालून हात दिल्यासारखं वाटलं.

पोतं पाठीवर घेऊन चालणाऱ्या हमालाला याचा उपयोग नाही. ते ओझं सरळ कण्यावरूनच खाली जातं. तिथे पोतंच लहान हवं, यावर मी आजही ठाम आहे. रुग्णाला उचलायलाही आधी यंत्र हवं. माणसाला शक्यतो हातांनी उचलायचंच नाही, असं जपानच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण आपल्या दोन खोल्यांच्या घरात ते यंत्र फिरायला जागा नसते, आणि असली तरी अंग पुसणं, कूस बदलणं, चादर काढणं वाकूनच होतं. भातलावणीतही तेच. दिवसभर वाकलेल्या बाईला आपल्याच धडाचा भार पेलावा लागतो. मात्र चिखलात, पावसात आणि साडीवर चालेल असा सांगाडा तिच्यासाठी मुद्दाम घडवावा लागेल.

म्हणून आता माझी मागणी अशी आहे. सांगाडा घालायचा की नाही, हे घालणारीने ठरवावं. तो दिला म्हणून कामाचा वेग किंवा रुग्णांची संख्या वाढवू नये. आणि त्याचा खर्च तिच्या पगारातून कापू नये. माथाडी मंडळ मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेतं आणि त्यातून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी नि दवापाणी चालतं. आया पुरवणाऱ्या ब्यूरोंकडूनही तशीच लेव्ही घ्यावी आणि तिच्या पाठीचा आधार त्या पैशातून यावा. हमालांनी लढून मिळवलेला हक्क आयांपर्यंत न्यायचा असेल, तर या सांगाड्याला नाही म्हणून चालणार नाही. तो कुणाच्या अटींवर येतो, यासाठी भांडावं लागेल.