चारठाण्याचं दगडी फूल

मैत्रिणींनो, लक्ष्मीपूजनाला तुमच्याही घरी जुन्या नाण्यांचा डबा निघत असेल ना? आमच्या परभणीच्या घरचा डबा पितळी आहे, आजेसासूबाईंच्या हातचा. त्यात शिवराई आहे, भोकाचा पैसा आहे आणि चारमिनारचं चित्र असलेले निजामाचे चांदीचे रुपये आहेत. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी ‘हाली सिक्का’च असायचा.

आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांना या डब्याचं भारी वेड. शेजारच्या उर्दू शाळेतल्या बाईंनी त्याला एक गंमत दाखवली. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक बारीकसं अक्षर असतं. ‘ऐन’ असेल तर रुपया मीर उस्मान अलींच्या काळातला, ‘मीम’ असेल तर त्यांचे वडील मीर महबूब अलींच्या. तेव्हापासून स्वारी भिंग घेऊनच फिरते.

म्हणून एका रविवारी आम्ही त्याला चारठाण्याला नेलं. परभणीहून जिंतूर आणि पुढे मंठ्याच्या रस्त्याला हे गाव लागतं. गावात शिरलं की यादवकालीन वैभवाच्या खुणा जागोजागी भेटतात. गोकुळेश्वराचं देऊळ, पायऱ्यापायऱ्यांची बारव, आणि तो उंच कोरीव दगडी खांब! पाहताना मान दुखते, पण खाली करवत नाही. इथं देवळं घरांना इतकी बिलगून आहेत की एकीकडे कोरीव नक्षी आणि दुसरीकडे वाळत घातलेली गोधडी. सोबत नेलेल्या धपाट्यांवर ताव मारून आम्ही संध्याकाळी घरी परतलो.

रात्री नाण्यांचा डबा उचलला तर तो जड लागला. उघडून पाहते तो आत तळहाताएवढा दगडाचा तुकडा! त्यावर अर्धं उमललेलं फूल कोरलेलं. चिरंजीव म्हणाले, ‘‘गवतात पडलं होतं, आई. नाण्यांसारखंच जुनं आहे ना?’’

खरं सांगते, मी लगेच रागावले नाही. फूल इतकं देखणं होतं की तुळशीवृंदावनाशी ठेवावं असं माझ्याच मनात आलं. पण सासूबाईंनी तो हातात घेऊन एवढंच विचारलं, ‘‘कुठं सापडला रे? कोणत्या देवळापाशी?’’ त्याला आठवेना. बारवेजवळ म्हणाला, मग खांबाजवळ म्हणाला.

तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाणं बनतं तेच मुळी या हातातून त्या हातात जायला. त्याची ओळख त्याच्या अंगावरच असते. दगडी फुलाचं तसं नाही. ते कुठल्या चौकटीचं, कुठल्या खांबाचं, हे त्याची जागाच सांगते. जागा सुटली की फूल मुकं होतं.

मग जमवणं वाईटच का? तसंही नाही हं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुनी नाणी जमवली, तशा मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू अशा हजारो चिजा गोळा केल्या. तिथल्या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत निघाली! पण तेरचं धन तेरमध्येच राहिलं. आज तिथं त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आहे. त्यांनी गावाचं गावासाठी जपलं, आमच्या चिरंजीवांनी गावाचं घरी आणलं. फरक आहे तो एवढाच, आणि तोच मोठा.

कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि मूर्ती पुरावशेष ठरतात. त्या परदेशी पाठवता येत नाहीत, आणि घरात जुनी दगडी मूर्ती असेल तर तिची नोंदणी करावी लागते. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरांना कळवायचं, हा कायदा तर १८७८ चा आहे.

पुढच्याच रविवारी आम्ही पुन्हा चारठाण्याला गेलो. झाला प्रकार सांगून चिरंजीवांनी तो तुकडा गावातल्या जाणत्यांच्या हवाली केला. देवळाच्या पायरीवर बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, ‘‘माय, तुम्ही परत तरी आणलं. नेणारे लई झाले.’’ मुलानं गवतात खूप शोधलं, पण नेमकी जागा काही त्याला सापडली नाही. फूल गावी परतलं, घरी नाही.

मैत्रिणींनो, नाणी जरूर जमवा. मात्र दिवाळीला ती चिंच-मीठ नाहीतर राख लावून घासू नका. चकाकी येते, पण अक्षरं झिजतात आणि नाण्याचं मोलही उतरतं. कडेला धरून उचला, कोरड्या कागदी पाकिटात वेगवेगळी ठेवा आणि पाकिटावर लिहा : कुणी दिलं, केव्हा दिलं.

आमच्या डब्यात आता अशी पाकिटं आहेत. एक रिकामंच आहे. त्यावर मुलानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : ‘दगडी फूल. चारठाणा. जागा विसरलो.’