घडी घालणे, घडी मोडणे

इंग्रजीत ‘फोल्ड’मागे ‘अन्’ लावला की घडी उलगडते. पण ‘श्रिंक’ आणि ‘सिट’ यांना तो लागत नाही. आवरणे, वेढणे, चिकटवणे अशा अर्थांच्या क्रियापदांशीच हा उपसर्ग जुळतो, असे बेंजामिन ली व्होर्फ यांनी मांडले. त्यांचे लेख १९५६ साली ग्रंथरूप झाले. मराठी अशा ठिकाणी निराळे क्रियापदच योजते: गुंडाळलेले उलगडते, आकसलेले पसरते, बसलेला उठतो, निजलेलाही उठतोच. घडी मात्र घालायची आणि मोडायची. नव्या साडीची घडी मोडणे म्हणजे ती प्रथम नेसणे. ती घडी पुन्हा घातली तरी पहिली नव्हे. आईची एक न नेसलेली साडी आमच्या कपाटात आहे. वर्गात आम्ही ‘अनफोल्ड’ म्हणजे ‘उलगडणे’ असे सांगतो. त्या साडीपाशी ‘मोडणे’च आठवते, आणि हात थांबतो.