मागच्या बाकावरचा माणूस

बीएडला दोन वर्षं कशाला लागतात, असं आमच्या पिढीतले मास्तर अजून विचारतात. आमचं एका वर्षात उरकायचं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१५ पासून आला. माझी मेथड इंग्रजी-इतिहास. भाज्याहून चालत मळवली, तिथून लोकलनं पुणे, आणि मांडीवर पाठ टाचणाची वही. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती असे उभे रकाने आखलेले. गाडी हलली की रेघा वाकड्या यायच्या.

सुरुवात सूक्ष्मपाठांनी. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटांत नव्यानं आखणी, पुन्हा ६ मिनिटांचा पाठ, पुन्हा ६ मिनिटं प्रत्याभरण. ३६ मिनिटांचं चक्र. पद्धतीचं मूळ १९६० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचं; आमच्याकडे मात्र आठवीचे विद्यार्थी म्हणून समोर मिशीवाले सहाध्यायी बसायचे आणि मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचे. आज सज्जता प्रवर्तन, उद्या फलकलेखन, परवा चेतक बदल. एका दिवशी एकच कौशल्य. दुसरं डोकावलं तर निरीक्षक भुवया उंचावत.

पुढे खऱ्या वर्गावर सराव पाठ. तेव्हा वाक्यरचना पद्धतीचा जोर होता. दाराकडे जायचं, दार उघडायचं आणि म्हणायचं, ‘आय ॲम ओपनिंग द डोअर.’ वर्ग एका सुरात तेच म्हणणार. त्या दाराबाहेर जाऊन कुणाशी काय बोलायचं, हे आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. ऐतिहासिक स्थळाच्या सहलीवरचा निबंध मुलं पाठ करत, तो ताजमहालाचा. गावच्या डोंगरात २२ लेणी, पण त्यांच्यावर इंग्रजीत चार वाक्यं सांगावीत, असं माझ्याही मनात आलं नाही.

पुतणी आता बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांत मिळून शाळेत २० आठवडे काढायचे असतात, त्यातले १६ याच वर्षी. आम्ही पाहुण्यासारखे तास घेऊन निघायचो. तिला मुलांची नावं, खोड्या, कोण शनिवार-रविवारी लेण्यांच्या पायथ्याशी भुट्टे भाजतो, सगळं माहीत. इंग्रजीच्या तासाला तिनं त्या भुट्टेवाल्यालाच उभं केलं. दुसरा मुलगा लोकलमधून उतरलेला परदेशी पाहुणा, याला लेण्यांची वाट विचारणार. स्टेशन, एक्सप्रेस वे, गाव, पायऱ्या असा रस्ता त्यानं हातवारे करत सांगितला. पाहुणा डोंगराकडे बोट दाखवून ‘लोहगड?’ म्हणाला, तसा पोरगा उसळला, ‘नो सर! दॅट इज विसापूर!’ त्या एका ‘दॅट इज’साठी मी एकेकाळी पूर्ण तास खर्ची घातला असता.

त्याचं सगळं श्रेय बीएडला द्यावं, असं नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, २००० पासून ते पहिलीपासून झालं. शिवाय आता प्रत्येकाच्या घरात मोबाइल.

पण एक गोष्ट मला खटकते. आमच्या पाठाला मागच्या बाकावर प्राध्यापक बसत, तास संपल्यावर वहीत लाल शाईनं लिहीत. शेरा झोंबायचा, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात अक्षर उतरतं, हे मला तिथंच कळलं. पुतणीच्या टाचणावर ‘पाहिले’ आणि सही. सही करणाऱ्या बाईंनाही दोष कसा द्यावा, त्यांचे स्वतःचे तास, दहावीच्या कृतिपत्रिका, ऑनलाइन माहिती भरणं. टाचणं मोबाइलवरून उतरवली जातात म्हणून आम्ही नाकं मुरडतो. आम्ही आधीच्या तुकडीच्या वह्या उतरवल्याच होत्या की. फरक इतकाच, की आमची उतरवलेली टाचणं निदान कुणीतरी वाचायचं.

पुतणीपुढे अजून शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलची रांग आहे. तूर्त तिनं मुख्याध्यापकांची परवानगी काढलीय, की सोमवारच्या तासाला मी मागच्या बाकावर बसावं. अट एकच घातली, “काका, मध्येच बोलायचं नाही.”