जोगेश्वरीची गुंफा आणि एक याप्य व्याधि

पश्चिम रेल्वेच्या जोगेश्वरी स्थानकावर पूर्वेच्या बाजूस उतरावें, रिक्षांच्या आणि भाजीवाल्यांच्या गर्दींतून वाट काढीत केव्हज रोडला लागावें, म्हणजे ज्या देवीवरून या उपनगरास नांव मिळालें, तिच्या गुंफेपाशीं माणूस येऊन पोहोंचतो. धडधाकट मनुष्यास ही वाट सहज पायीं चालण्याजोगी आहे. गतवर्षीं मात्र मला ती फार लांब झाली. ती कां लांब झाली आणि पुन्हां जवळ कशी आली, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. घरांत वडीलधारीं माणसें असलेल्या कुटुंबांस त्याचा कांहीं उपयोग होईल असें वाटतें.

प्रथम स्थळाविषयीं. हीं शैव लेणीं सहाव्या शतकाच्या पूर्वार्धांतलीं मानतात. पूर्वेच्या द्वारानें पायऱ्या उतरून आंत गेलें कीं विस्तीर्ण चौरस सभामंडप लागतो. भोंवतीं खांबांच्या रांगा आणि मध्यें चार दारांचा गाभारा. दगड झिजल्यामुळें मूर्तींचे अवयव पुसट झाले आहेत. तरी लकुलीश आणि सारीपाट खेळणारीं शिवपार्वती लक्षपूर्वक पाहिल्यास ओळखतां येतात. गाभाऱ्यांत जोगेश्वरी, म्हणजे योगेश्वरी. अंबाजोगाईची योगेश्वरी ज्यांची कुलदेवता आहे, त्या घरांना हें नांव परकें नाहीं. आतां वस्ती लेण्यांच्या अगदीं कडेला येऊन भिडली आहे. पावसाळ्यांत छत पाझरतें आणि मंडपांत दमट, कुबट वास भरून राहतो.

शाळेंतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळीं देवीचें दर्शन घेऊन याच मंडपांत अर्धा तास प्राणायाम करावा, असा माझा नेम होता. आणि खरें सांगावयाचें तर त्याचा थोडा गर्वहि होता. गेल्या श्रावणांत ताप येऊन छाती कफानें भरली. औषधानें आठ दिवसांत ताप उतरला, खोकला मात्र राहिला. पहाटे तीनच्या सुमारास छातींत शिटीसारखा आवाज होऊन मी उठून बसें. फोडणीचा खाट, उदबत्तीचा धूर, मोठ्यानें हंसणें, एवढ्यानेंहि उबळ येई. घरांत कोणास कळूं नये म्हणून मी गॅलरींत जाऊन बसें, आणि सकाळीं पुन्हां त्या ओलसर मंडपांत जाऊन नेम पुरा करीं.

एके रविवारीं नातीस बरोबर नेलें होतें. पायऱ्या चढतांना तिनें विचारलें, "आजोबा, ह्या पायऱ्या किती हो?" संख्या मला तोंडपाठ होती, पण ती सांगावयास श्वास पुरेना. पोर घाबरून रडूं लागली. घरीं आल्यावर सूनबाई एवढेंच म्हणाली, "मामंजी, आज तुम्ही नाहीं म्हणायचें नाहीं. डॉक्टरांकडे जायचें."

लहानपणीं मला दमा होता. सोळाव्या वर्षीं तो गेला अशी सर्वांची समजूत. डॉक्टरांनीं मला एका नळींत जोरानें फुंकावयास लावलें, औषध देऊन पुन्हां फुंकविलें, आणि मग सांगितलें कीं संसर्ग संपला तरी श्वासनलिकांच्या अस्तराची सूज लगेच ओसरत नाहीं. निरोगी माणसासहि असा खोकला ३ ते ८ आठवडे राहूं शकतो. मूळची दम्याची प्रवृत्ति असेल तर त्या सुजलेल्या नलिका गारठा, धूळ, धूर, बुरशी यांच्या स्पर्शानें आकसतात. त्यांनीं दोन पंप दिले. एक आकसलेल्या नळ्या तात्काळ मोकळ्या करणारा. त्याचा गुण चार-सहा तास. दुसरा सूज उतरविणारा, सकाळ-संध्याकाळ नेमानें घ्यावयाचा. त्याचा गुण सावकाश दिसतो.

पंप म्हणजे शेवटचा उपाय आणि त्याची संवय जडते, अशी आपल्याकडील दृढ समजूत. मीहि तीच बोलून दाखविली. वस्तुतः दाबाखालील औषधाचा मापून फवारा सोडणारा पंप १९५६ सालीं निघाला, आणि सूज उतरविणारें स्टेरॉइड पंपांतून १९७२ पासून मिळूं लागलें. गोळीवाटें जें औषध मिलिग्रॅमांत घ्यावें लागतें, तें पंपानें मायक्रोग्रॅमांत, नेमकें दुखण्याच्या जागीं जातें. पंपास स्पेसर नांवाची पोकळ नळी जोडावी, हळूहळू खोल श्वास घ्यावा, तो १० सेकंद रोखावा, आणि नंतर चूळ भरून टाकावी. मला हंसूं आलें. हा तर पूरक आणि कुंभकच!

तीन आठवड्यांत शिटी थांबली, आणि मीं कोणास न विचारतां दोन्ही पंप कपाटांत ठेवून दिले. अपुरा गृहपाठ आणणाऱ्या मुलांना जन्मभर बोल लावणाऱ्या माझ्याच हातून हें घडलें. कार्तिकांत वारा पडला, धूर व धूळ खालीं साचली, आणि एका रात्रीं रिक्षा करून रुग्णालय गांठावें लागलें.

अंथरुणांत असतांना चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील हिक्काश्वासाचा अध्याय पुन्हां काढला. श्वासाचे पांच प्रकार सांगून चरकांनीं तमक श्वासाचें जें वर्णन केलें आहे, त्यांत सर्दीपासून सुरुवात, आडवें पडतां न येणें, बसल्यानें बरें वाटणें, ढग, पाणी, थंडी व पूर्वेचा वारा यांनीं वाढणें, हें सर्व आहे. माझा ओला मंडप त्यांतच आला! हा व्याधि नवा असेल तर साध्य, एरवीं याप्य. याप्य म्हणजे उपचार चालूं असेपर्यंत आवरलेला. पडूं पाहणाऱ्या घरास खांब द्यावा तसा, हा वैद्यांचा जुना दृष्टांत. छत पडत नाहीं म्हणून गुंफेचे खांब कोणी काढून नेत नाहीं. मीं मात्र नेमकें तेंच केलें होतें.

आतां घरांत डासांची कॉइल आणि धूप बंद आहेत. भिंतीवरील बुरशी पुसून काढली आहे. देवापुढें समई पुरते. पंपाची मात्रा डॉक्टर कमी करतील तेव्हांच कमी होईल. एक वाक्य एका दमांत बोलतां येईना, ओंठ निळे पडूं लागले, किंवा तात्काळ गुणाचा पंप चार तासहि पुरेना, तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें, हें घरांत सर्वांस ठाऊक आहे. दुखणें लपविण्यांत वडिलकी नाहीं, हें मला या वयांत शिकावें लागलें.

गुंफेचा नेम सुटलेला नाहीं. दर्शन घेऊन मी मंडपांत न रेंगाळतां वर येतों आणि कोरड्या जागीं, उन्हांत बसून प्राणायाम करतों. नात रविवारीं बरोबर असते. वरच्या पायरीवर ती मला थांबविते आणि पायऱ्या किती तें एका दमांत सांगावयास लावते. अजून तरी उत्तर चुकलेलें नाहीं.