बंदुकीचा विमा

नागपुरात सीताबर्डीहून मोमिनपुऱ्यापर्यंत स्कूटर चालवायची, तरी थर्ड पार्टी विमा लागतो. आपल्या चुकीने कुणी दगावला तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी, म्हणून १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ही सक्ती केली आहे. बंदुकीच्या परवान्याला मात्र अशी अट नाही.

वरातीत हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. २०१९च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. पण शिक्षेने मेलेल्याच्या घरची चूल पेटत नाही. पीडितांसाठी सरकारी योजना आहे, पण तो पैसा जनतेचा.

अमेरिकेतल्या सॅन होजे शहराने २०२२ साली बंदूकमालकांना विमा सक्तीचा केला. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. चुकून कुणाचा जीव गेला तर वारसांना दियत द्यावी, असं सूरह निसामध्ये (४:९२) सांगितलं आहे. वारसांनी माफ केलं तर गोष्ट वेगळी. फिकहप्रमाणे ती रक्कम मारणाऱ्याच्या 'आकिला'ने, म्हणजे भाऊबंदांनी, मिळून भरायची.

देशी कट्टेवाला विमा काढणार नाही, हे खरं. ठरवून केलेल्या खुनाचा भार विम्याने उचलूही नये. पण परवानाधारकांची चूक तरी परवानाधारकांच्या वर्गणीतून भरून निघावी. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हप्त्याची पावती मागितली, तरी सुरुवात होईल.