भय कोणाचे?

स्मरणिकेसाठी लेख मागविणारे पत्र आले, तेव्हा ग्रंथालय, क्रीडांगण आणि पहाटेची घंटा यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच असे धरून आमच्या तुकडीने आपल्या एका छंदाविषयी लिहायचे ठरविले. वसतिगृह सोडून बरीच वर्षे लोटली, तरी आम्ही पाच-सहा जण अजूनही सवडीने जमतो आणि जुने भयपट व रहस्यपट पाहतो. हे ऐकून काही पालक नाराज होतात. भूत, भानामती, अंगात येणे हे सारे आधीच्या पिढीने मोठ्या निग्रहाने घराबाहेर काढले. मग तुम्ही ते पडद्यावरून परत का आणता, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे.

आमचे म्हणणे असे की, चांगला भयपट भुतावर विश्वास ठेवायला सांगत नाही. भय कसे घडते ते तो दाखवितो. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’ (1960) मधील न्हाणीघरातील हल्ला पडद्यावर मिनिटभरही चालत नाही. त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला मात्र आठवडा लागला. सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते हात, पाणी, पडदा, उघडे तोंड, असे झरझर बदलणारे तुकडे. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता. चित्रपट कृष्णधवल असल्याने तो खपून गेला. बर्नार्ड हरमनने संगीतासाठी केवळ तंतुवाद्ये घेतली आणि व्हायोलिनला अक्षरशः किंचाळायला लावले. एवढे कळल्यावर भय उरू नये, पण उरते. पाहिले असे जे आपल्याला वाटते, त्यातील निम्मे आपणच रचलेले असते, एवढे भान मात्र येते. वसतिगृहामागच्या चिंचेविषयी आम्ही जे रचले होते, तेही याच रीतीने.

हिचकॉक एक उदाहरण देत असे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलाशी बसलेली माणसे इकडच्या-तिकडच्या गप्पा करीत राहिली, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटे श्वास रोखून बसतो. हल्लीचे पुष्कळ भयपट पहिल्या प्रकारावरच भागवितात.

मात्र केवळ या कारागिरीसाठी आम्ही हे चित्रपट पुनःपुन्हा पाहिले नसते. जेम्स व्हेलचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ (1931) पाहा. हे नाव राक्षसाचे नव्हे, त्याला घडविणाऱ्या शास्त्रज्ञाचे. राक्षसाला नावच नाही. आरंभीच्या नामावलीत त्याची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लोफच्या नावाच्या जागीही नुसते प्रश्नचिन्ह आहे. प्रेतांच्या तुकड्यांतून जन्मलेल्या या जीवाला साखळदंड आणि मशालीचा धाक एवढेच वाट्याला येते. त्याला न भिता त्याचा हात धरणारी एकच व्यक्ती भेटते, ती तळ्याकाठची लहान मुलगी. दोघे पाण्यावर फुले सोडतात. फुले संपल्यावर मुलगीही तशीच तरंगेल असे समजून तो तिला उचलून पाण्यात टाकतो. हा तुकडा पुढे कापला गेला आणि कित्येक दशके कोणाला दिसला नाही. परिणाम उलटाच झाला. तो मुलीकडे हात नेतो तेथेच दृश्य थांबे, आणि प्रेक्षक त्याहून अमानुष काही कल्पून घेत. शेवटी मशाली घेतलेले गावकरी त्याला पवनचक्कीत कोंडून ती पेटवून देतात. आम्हाला धडकी भरते ती त्या मशालींची.

जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) तर आम्हाला अधिकच जवळचा. मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि काही जण एका शेतघरात अडकतात. दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून सर्वांना सावरणारा बेन कृष्णवर्णीय आहे. ही भूमिका ड्वेन जोन्सने केली. संवादांत त्याच्या वर्णाचा एकदाही उल्लेख नाही. घरातील सर्वांमध्ये रात्र निभावून उरतो तो एकटाच. सकाळी बंदूकधारी गोऱ्या नागरिकांचे पथक येते, खिडकीशी कोणीतरी हलताना दिसते आणि गोळी सुटते. त्याचे प्रेत इतर प्रेतांबरोबर जाळले जाते. चित्रपट ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. हा शेवट प्रथम पाहिला तेव्हा दिवा लावायला आमच्यापैकी कोणी उठले नाही. “जवळ जाऊन पाहिलेसुद्धा नाही,” एवढेच एक मैत्रीण म्हणाली.

भानामतीचा बोभाटा झाला की बोट कोणाकडे वळते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. म्हणूनच पालकांनी या चित्रपटांना दार बंद करू नये, अशी आमची विनंती आहे. ‘सायको’ मोठ्या मुलांसाठीच ठेवावा, रोमेरोचा चित्रपटही. ‘फ्रँकेन्स्टाइन’ मात्र जेमतेम 70 मिनिटांचा आहे आणि नववी-दहावीच्या मुलांना निःशंकपणे दाखविता येईल. तळ्याच्या प्रसंगानंतर चित्रपट थोडा थांबवावा आणि मुलांना बोलू द्यावे. शाळेने सभागृह दिले, तर पडदा आणि यंत्र आम्ही घेऊन येऊ.